ओटीटीच्या काळात वडिलांची टॉकीज चालवावी की मोडावी?

प्रश्न: नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीजवळ आमची एकपडदा टॉकीज आहे. ६२० आसनं, त्यातली १६० बाल्कनीत. पडदा ४० फुटी. स्टॉलचं तिकीट ८० रुपये, बाल्कनीचं १२०, दोन्ही करासह. रोज चार खेळ. सोमवार ते गुरुवार खेळाला २५-३० माणसं, शुक्रवारी ६० च्या आसपास, शनिवार-रविवारी १४०-१५०. मोठा हिंदी चित्रपट लागला की पहिले तीन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. मुलगा म्हणतो, सगळं मोबाइलवर आलं, थिएटरचं आता काही खरं नाही. धाकट्या भावाला मंगल कार्यालय करायचंय. एका बिल्डरचंही बोलणं चालू आहे. माझ्या मनात मात्र कर्ज काढून सगळीकडे रिक्लायनर (पाय लांबवून रेलता येणाऱ्या खुर्च्या) टाकावेत आणि एकदा नीट प्रयत्न करावा असं आहे. काय करू?
– एक टॉकीजमालक, नाशिक

उत्तर:

नमस्कार.

कर्ज काढून रिक्लायनर टाकू नका. निदान पुढचे तीन महिने तरी नाही. तुमच्या पत्रात खुर्च्या आहेत, मोबाइल आहे, बिल्डर आहे. पण पडद्यावरचं चित्र किती उजळ दिसतं आणि शेवटच्या रांगेत संवाद कळतात का, याबद्दल एक ओळ नाही. आमच्या मते टॉकीज राहणार की जाणार हे तिथं ठरतं, आणि त्यानंतर खेळागणिक हिशेबात.

मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं, त्याच वर्षी जिओमुळे इंटरनेट स्वस्त झालं. मार्च २०२० मध्ये थिएटरं बंद झाली, नोव्हेंबरात उघडली, पुन्हा बंद झाली आणि महाराष्ट्रात २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या क्षमतेनं परत सुरू झाली. त्या काळात नवा सिनेमा घरी बघायची सवय लागली ती लागलीच. ‘बघू कधीतरी’ अशा बेताच्या चित्रपटाचा प्रेक्षक आता घरीच बसणार, तो परत येईल असं धरून एक रुपयाही गुंतवू नका. मात्र ओटीटीवर आहे म्हणून लोक थिएटरात येत नाहीत, हेही तितकंसं खरं नाही. २०१८ चा ‘तुंबाड’ कित्येक वर्षं ओटीटीवर होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला करून गेला. अंधार, मोठा पडदा आणि आवाज यांसाठी माणूस आजही तिकीट काढतो. त्याला ते तिन्ही मिळालं पाहिजे, इतकंच.

आता हिशेब. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमची बिलं समोर घेऊन त्यांच्या जागी तुमचे आकडे घाला. एक खेळ चालवायला एसी, प्रोजेक्टर, साउंड आणि दिवे मिळून साधारण २०० युनिट धरू. युनिटचा दर म्हणजे बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट. तो १४ रुपये धरला तर विजेचे २,८०० झाले. लॅम्पची झीज, प्रोजेक्टर-सर्व्हर पुरवणाऱ्या डिजिटल कंपनीची प्रतिखेळ आकारणी आणि सफाईचे आणखी १,२००. म्हणजे पडदा उजळला की ४,००० रुपये गेले, आत एक माणूस असो की शंभर. दुसऱ्या बाजूला स्टॉल आणि बाल्कनी निम्मी-निम्मी धरली तर कर वजा जाता माणशी ९० रुपये, त्यातले निम्मे वितरकाचे, उरले ४५. कॅन्टीन आणि पार्किंगमधून माणशी १५ सुटले तर ६०. एक खेळ स्वतःचाच खर्च भागवतो तो ६७ माणसांवर.

तुमच्या आठवड्याचे २८ खेळ आणि १,८४८ माणसं होतात, म्हणजे खेळाला सरासरी ६६. पगार, मालमत्ता कर, परवाना, देखभाल करार यांचे महिन्याचे समजा तीन लाख अजून बाजूलाच आहेत. ते सगळे तुमच्या खिशातून जातायत. पण नीट बघा, शनिवार-रविवारचे खेळ स्वतःचा खर्च भागवून दुप्पट देतात आणि सोमवार ते गुरुवारचे सोळा खेळ ते खाऊन टाकतात. हे सोळा आठ करा. चार दिवसांत मिळून येणारी ४४८ माणसं घटून ३४० होतील असं धरू. सगळी जात नाहीत, काही दुसऱ्या खेळाला येतात. १०८ माणसांचे ६,४८० रुपये गेले आणि आठ खेळांचे ३२,००० वाचले. महिन्याला हा फरक एक लाख दहा हजारांच्या घरात जातो, आणि त्यासाठी एक खिळाही ठोकावा लागत नाही. त्यानंतर ना नफा ना तोट्याला पोहोचायला उरलेल्या वीस खेळांना सरासरी ३८ माणसं वाढवावी लागतात. टॉकीज चालणार की नाही हा मोठा प्रश्न इतका लहान करून घ्या: ही ३८ माणसं कुठून येतील?

कोणते आठ खेळ ठेवायचे ते आधी मोजून ठरवा. चार आठवडे प्रत्येक खेळाची स्टॉल आणि बाल्कनी वेगवेगळी संख्या वहीत उतरवा. वितरकाला पाठवता तो रोजचा कलेक्शन रिपोर्ट असतोच, त्यात फक्त पाऊस, सण, सामना आणि महिन्याची तारीख हे रकाने जोडा. पगाराच्या आठवड्यात आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात किती अंतर पडतं ते कामगार वस्तीत लगेच दिसेल. मग आसपासच्या कारखान्यांच्या पाळ्या कधी सुटतात, साप्ताहिक सुटी कुठल्या दिवशी आहे हे विचारून वेळा बसवा. पाळी साडेतीनला सुटत असेल तर तीनचा खेळ कुणाच्याच कामाचा नाही, सव्वाचारचा आहे. आणि एकदा वेळापत्रक लावलं की माणसं कमी म्हणून खेळ रद्द करू नका. आठ माणसांना परत पाठवून वाचलेले चार हजार फार महाग पडतात, कारण ती आठ माणसं पुढच्या वेळी विचारच करत नाहीत.

आता चित्राकडे येऊ. डिजिटल सिनेमाचं मानक सांगतं की पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्याचा उजळपणा मोजायचं एकक) प्रकाश हवा. ४० फुटी स्कोप (रुंदी उंचीच्या २.३९ पट) पडदा म्हणजे उंची पावणेसतरा फूट, क्षेत्रफळ ६७० चौरस फूट. साध्या पांढऱ्या पडद्याला ६७० गुणिले १४, म्हणजे जवळपास ९,४०० ल्यूमेन (प्रोजेक्टरच्या एकूण प्रकाशाचं माप) प्रत्यक्ष पडद्यावर पोहोचायला हवेत. स्कोप चित्र प्रोजेक्टरच्या चिपचा सुमारे ७९ टक्के भागच वापरतं, केबिनच्या काचेत पाच-आठ टक्के जातात आणि लॅम्प जुना होताना तीस टक्क्यांपर्यंत उतरतो. हे सगळं धरलं की प्रोजेक्टर १७-१८ हजार ल्यूमेनचा लागतो. लहान टॉकीजमध्ये पुष्कळदा आठ-दहा हजारांचा प्रोजेक्टर ४० फुटांवर ताणलेला असतो. मग रात्रीचा प्रसंग नुसता काळा दिसतो आणि घरच्या टीव्हीवर हेच जास्त स्वच्छ दिसतं हे प्रेक्षकाला कळतं. तो तक्रार करत नाही. तो येत नाही.

सर्व्हिस इंजिनिअरला स्पॉट मीटर (पडद्यावरचा उजेड मोजायचं यंत्र) घेऊन बोलवा आणि मध्यभागी, चारही कोपऱ्यांत मोजमाप करून कागदावर लिहून घ्या. मोबाइलच्या अ‍ॅपवर विसंबू नका. आकडा कमी आला तर लगेच नवा प्रोजेक्टर विकत घ्यायला धावू नका, आधी पुढच्या गोष्टी तपासा.

प्रोजेक्टरच्या मेनूत लॅम्पचे तास दिसतात. झेनॉन लॅम्प वॉरंटीच्या तासांपलीकडे ओढला की प्रकाश उतरतो, चित्र थरथरतं आणि लॅम्प फुटून आतला रिफ्लेक्टर जाण्याची भीती असते. हा लॅम्प थंड असतानाही आत दाब असतो, म्हणून बदलताना तोंडावर शील्ड, हातमोजे आणि जाड जॅकेट हवंच. काचेला उघडा हात लावायचा नाही. तुमचा ऑपरेटर हे सगळं घालतो का, ते स्वतः केबिनमध्ये जाऊन बघा. विजेचं बिल वाचवायला लॅम्प कमी पॉवरवर ठेवलेला असतो, हे फार आढळतं. केबिनची काच दोन्ही बाजूंनी पुसली आहे का, एअर फिल्टर शेवटचा कधी धुतला, लॅम्प मध्यावर बसवला आहे की एका बाजूला जास्त उजेड पडतोय, हेही याच भेटीत होतं. नुसत्या एवढ्यानं चित्र ओळखू येऊ नये इतकं बदलतं.

मग पडदा. त्यावरच्या बारीक छिद्रांतून मागच्या स्पीकरचा आवाज येतो. पिवळा पडला म्हणून वरून पांढरा रंग मारला असेल तर छिद्रं बुजली, म्हणजे चित्रही डागाळलं आणि आवाजातले वरचे सूरही गेले. असा पडदा बदलावाच लागतो. नुसती धूळ असेल तर मऊ ब्रश आणि हलका व्हॅक्यूम. साबणपाणी नाही, कपड्यानं घासणं तर नाहीच. आणि नवा पडदा टाकायचाच असेल तर तो ३४ फुटी टाका. ऐकायला उलटं वाटेल, पण क्षेत्रफळ ६७० वरून ४८३ चौरस फुटांवर येतं आणि त्याच प्रोजेक्टरमधून चित्र जवळपास ३९ टक्के उजळ होतं. मंद ४० फुटांपेक्षा लखलखीत ३४ फूट केव्हाही चांगले. चकाकणाऱ्या, उजेड समोरच्या बाजूला जास्त फेकणाऱ्या (जास्त ‘गेन’च्या) पडद्याचा मोह टाळा. मधल्या खुर्च्यांना झगझगीत आणि कडेच्यांना अंधुक दिसतं.

पडद्याभोवतीच्या दहा-पंधरा फुटांत भिंती आणि छत मॅट काळ्या किंवा गडद निळ्या रंगात रंगवा. जुन्या टॉकीजमध्ये तिथं ऑइलपेंट किंवा पीओपीची पांढरी नक्षी असते. चित्राचा उजेड तिच्यावर आपटून परत पडद्यावर येतो आणि काळा रंग राखाडी होतो. दारांना दुहेरी पडदे लावा. दोन दिवसांचं काम, खर्च रंगाऱ्याचा.

विक्रेते तुम्हाला ४के आणि लेझर सांगतील. ४के विसरा, या अंतरावरून तुमच्या प्रेक्षकाला उजेड दिसतो, पिक्सेल नाही. लेझर चांगला आहे, वीस हजार तास आणि पुढे लॅम्प बदलावा लागत नाही, वीजही कमी. पण तो तीन महिन्यांनंतरचा निर्णय. सध्याचा प्रोजेक्टर डिजिटल कंपनीच्या मालकीचा असेल तर करार काढून वाचा: किती वर्षांचं बंधन आहे, प्रतिखेळ आकार किती, आणि पडद्यावरच्या जाहिरातींचे पैसे कुणाला किती. ही शेवटची ओळ बहुतेक मालकांनी वाचलेली नसते. प्रोजेक्टर डीसीआय (हॉलिवूड स्टुडिओंनी ठरवलेल्या डिजिटल सिनेमाच्या) मानकाचा आहे की नाही तेही विचारा, कारण हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंचे चित्रपट त्याशिवाय मिळत नाहीत.

आवाजात सगळ्यात आधी मधला स्पीकर. जवळपास सगळे संवाद पडद्यामागच्या सेंटर चॅनेलमधून येतात. त्यातल्या हॉर्नचा डायफ्राम (आवाज काढणारा पातळ पडदा) फाटला की आवाज मोठा असतो पण शब्द कळत नाहीत. ऑपरेटर आवाज आणखी वाढवतो आणि सगळं कर्कश होतं. टेक्निशियनला फक्त सेंटर चालू ठेवून संवादाचा प्रसंग लावायला सांगा आणि तुम्ही शेवटच्या रांगेत बसा. शब्द कळले नाहीत तर पहिला खर्च डायफ्रामचा. बाजूच्या भिंतींवरचे स्पीकर एकेक करून तपासा, त्यातले काही बंदच असतात. मग पडद्यामागचा प्रत्येक चॅनेल ८५ डेसिबलला आणि बाजूचे ८२ ला बसवून फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या बटणावर) खूण करून ठेवायची.

रिकाम्या हॉलमध्ये मध्यावर उभं राहून एकदाच टाळी वाजवा. मागून दुसरी टाळी परत आली तर मागच्या भिंतीवर काम हवं: चार इंच जाडीचं रॉकवूल, घनमीटरला ४८ किलो घनतेचं, वरून आग न पकडणारं कापड. थर्मोकोल आणि अंड्यांचे ट्रे लावू नका. त्यांनी आवाज शोषला जात नाही आणि ते भडकन पेटतात. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये ५९ माणसं गेली. ट्रान्सफॉर्मरची आग आणि धूर होताच, पण जादा खुर्च्यांनी अडवलेल्या आणि बंद केलेल्या वाटांमुळे लोक बाहेर पडू शकले नाहीत. हे तुमच्या प्रत्येक बदलाच्या वेळी डोक्यात असू द्या. मालेगावात २०२३ मध्ये चित्रपट चालू असताना प्रेक्षागृहातच फटाके फोडले गेले होते. मोठ्या नटाच्या पहिल्या खेळाला डोअरकीपर वाढवा, दारातच तपासणी करा, आणि सर्व दारं आतून ढकलली की उघडतात याची खात्री खेळाआधी रोज करा.

कुटुंबं तुमच्याकडे येतात की नाही, हे बायकांच्या स्वच्छतागृहावरून ठरतं. मध्यंतर १२ मिनिटांचं असेल आणि एकीला दीड-दोन मिनिटं लागत असतील तर एक संडास सहा ते आठ जणींना पुरतो. रविवारी साठ जणी रांगेत आल्या तर आठ-दहा हवेत. जुन्या टॉकीजमध्ये तीन असतात, त्यातल्या एकाची कडी तुटलेली. पुरुषांच्या बाजूची जागा घेऊन बायकांकडचे संडास वाढवा. होईपर्यंत मध्यंतर १८ मिनिटांचं करा, कॅन्टीनही जास्त चालेल. दुर्गंधी बहुतेक वेळा जमिनीतल्या कोरड्या जाळ्यांतून येते: रोज सकाळी प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता. सफाई खेळ संपल्यावर नाही, मध्यंतराच्या दहा मिनिटं आधी.

आता तुमच्या खुर्च्या. स्टॉलमध्ये दोन रांगांतलं अंतर ३६ इंच असेल तर ते ४८ करा, खुर्ची २० इंचांवरून २४ इंचांची. ४६० ची २९० च्या आसपास राहतील आणि तुमच्या रविवारलाही त्या पुरतात. बाल्कनीत मात्र पायऱ्या काँक्रीटच्या आहेत, रांगेचं अंतर हलत नाही. दोन पायऱ्या मिळून ७२ इंच होतात; रिक्लायनर बसतो तो तिथंच, म्हणून हवेच असतील तर शेवटच्या चार पायऱ्यांवर दोन रांगा, त्याही स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून. आसनांचा आराखडा बदलला की परवाना देणाऱ्या कार्यालयाची मंजुरी लागते, खुर्च्या उचलण्याआधी ती घ्या. आधी फक्त एक भाग करा, मधल्या पाच रांगा. तिथली तिकिटं आधी संपू लागली की पुढचं करा.

तिकिटाच्या दरात तुमच्याकडे एक चूक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग तिकिटावर १८. बाल्कनीच्या १२० मधून कर वजा जाता तुमच्या हाती १०१ रुपये ६९ पैसे येतात. मूळ दर १०० केला तर प्रेक्षक १०५ देतो आणि तुमच्या हाती १००. म्हणजे तुमचे पावणेदोन रुपये कमी आणि प्रेक्षकाचे पंधरा वाचले. दरफलक बदलण्याआधी सीएकडून एकदा खात्री करून घ्या आणि नवा दर गेटबाहेर मोठ्या अक्षरात लिहा. कॅन्टीनच्या पदार्थांवर ५ टक्के कर आहे, पण तिकिटात बांधून कॉम्बो विकला तर तिकिटाचा दर लागतो. दोन्ही वेगळं विका. स्वस्त तिकिटाला लोक येतात हे २३ सप्टेंबर २०२२ ला दिसलं आहे: राष्ट्रीय चित्रपट दिनाच्या त्या एका दिवशी तिकीट ७५ रुपये होतं आणि देशभरात सुमारे ६५ लाख प्रेक्षक आले.

चित्रपट निवडताना तुमच्या जागेचा फायदा घ्या. हिंदी चित्रपट थिएटरनंतर आठ आठवड्यांनी ओटीटीवर यावा ही देशभरातील मल्टिप्लेक्स साखळ्यांची अट आहे. दक्षिणेकडे हे अंतर बऱ्याचदा चार आठवड्यांचं असतं, आणि असा चित्रपट हिंदीत आला तरी या साखळ्या तो लावत नाहीत. २०२३ मध्ये ‘लिओ’ या तमिळ चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीचं हेच झालं. सिटी सेंटर मॉलच्या मल्टिप्लेक्समध्ये जे लागणार नाही ते तुमच्याकडे लागू शकतं, आणि डब केलेल्या मारधाडीच्या चित्रपटांचा प्रेक्षक एमआयडीसीत तुमच्या दाराशी राहतो. वितरकाला हे आकड्यांसह सांगा. उलट, ओटीटीची तारीख दहा दिवसांवर आलेला चित्रपट स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका.

टक्केवारी बोलताना २००९ च्या निर्माते-वितरकांच्या संपानंतर मल्टिप्लेक्ससाठी ठरलेली विभागणी माहीत असू द्या: वितरकाला पहिल्या आठवड्यात ५०, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३० टक्के. तुमच्याकडून तिसऱ्या आठवड्यातही निम्मे घेत असतील तर विचारा, का. अनोळखी छोट्या चित्रपटाला टक्केवारी नको, आठवड्याचं भाडं आगाऊ घ्या. मिनिमम गॅरंटी (चित्रपट चालो न चालो, वितरकाला द्यायची ठरलेली किमान रक्कम) सध्या कुणालाच देऊ नका. दुपारी मराठी आणि संध्याकाळी हिंदी असे खेळ विभागून मागा. मोठ्या चित्रपटाचा वितरक पहिल्या तीन दिवसांत चारही खेळ मागेल, तेव्हा सोमवारपासून दोनच, हे आधी लिहून घ्या.

क्रिकेटचा सामना पडद्यावर दाखवायची कल्पना कुणीतरी देईलच. घरचं सबस्क्रिप्शन लावून तिकीट विकणं हा हक्कभंग आहे. सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून रीतसर परवानगी घेऊनच करा. शाळांचे सकाळचे खेळ मात्र नक्की करा. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशिकची. मुलांना केबिन दाखवून, प्रोजेक्टर कसा चालतो ते सांगून मग चित्रपट दाखवणारी टॉकीज या शहरात असायलाच हवी. घाऊक ३०० तिकिटं, मूळ दर ६० असला तरी सकाळचा खेळ फायद्यात जातो.

गुरुवारी रात्री नवीन चित्रपट सर्व्हरवर चढवून डिजिटल की (चित्रपट उघडणारी सांकेतिक किल्ली) चालते का, ते पहिली आणि शेवटची दोन-दोन मिनिटं लावून बघायचं. की ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरती असते. सर्व्हर बदलला आणि वितरकाला कळवलं नाही तर शुक्रवारी पडदा काळा. प्रोजेक्टर आणि सर्व्हरला यूपीएस हवाच, कारण पावसाळ्यात वीज गेली आणि पंखा थांबला की गरम लॅम्प तिथंच खराब होतो. एसीचा खर्च तुमच्या हातात आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाशिकच्या रात्री थंड असतात, रात्रीच्या खेळाला कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसता ब्लोअर आणि बाहेरची ताजी हवा पुरते.

भावाच्या मंगल कार्यालयाबद्दल थोडक्यात. टॉकीजची जमीन उतरती असते. ८० फुटांत पंधरास एक उतार म्हणजे पडद्याजवळ पाच फुटांहून जास्त भराव. शिवाय स्वयंपाकघर, वाहनतळ, वापरबदलाची परवानगी. आषाढी ते कार्तिकी एकादशी मुहूर्त नाहीत, आणि मुहूर्ताच्या दिवसांत औरंगाबाद रोडवरच्या मोकळ्या लॉन्सशी स्पर्धा. त्यापेक्षा बाल्कनी आणि स्टॉल वेगळे करून दोन पडदे करणं जास्त शहाणपणाचं, पण बाल्कनीची पुढची कड अधांतरी असते, तिच्यावर विटांची भिंत उभी करता येत नाही. खालून स्वतंत्र खांब लागतात आणि दुसऱ्या पडद्याला स्वतःची बाहेर पडायची वाट. वीस खेळांची सरासरी १५० वर गेली तरच त्या खर्चाकडे वळा.

बिल्डरला सरळ नाही म्हणू नका, पण टोकनही घेऊ नका. चित्रपटगृहाच्या जागेवर नवं बांधकाम करताना काही आसनांचं थिएटर ठेवण्याची अट असते. तुमच्या मिळकतीला विकास नियंत्रण नियमावलीतलं कोणतं कलम लागू होतं ते स्वतःच्या आर्किटेक्टकडून लेखी घ्या, बिल्डरच्या आर्किटेक्टकडून नाही. भावांची नावं मिळकत पत्रिकेवर आहेत का तेही याच आठवड्यात बघा. तीन महिन्यांनी चांगल्या चित्रानंतरही खेळाला सरासरी १०० माणसांच्या खाली राहिली, तर बिल्डरशी बसा आणि नव्या इमारतीत दीडशे-दोनशे आसनांचा एक पडदा स्वतःच्या नावावर मागा. सरासरी १२५ च्या पुढे गेली, तर त्या वेळी आम्हाला इंजिनिअरची मोजमापं आणि चार आठवड्यांचे कलेक्शन रिपोर्ट पाठवा. लेझर घ्यायचा की दुसरा पडदा करायचा, हे त्यावरून ठरवता येईल.